रुबिडियम, स्पीकर आणि अलिबाग

आवाज आज जरा वेगळा येत असेल, कारण टेबलावरची मांडणी बदललीय. का बदलली तेच आज सांगायचंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्याच्या मागच्या भागात मी माझ्या रुबिडियमबद्दल पोटभर रडलो होतो. ‘जुनं युनिट गळ्यात मारलं, दिवा संपत आलेला, दर रविवारी संध्याकाळी फ्रिक्वेन्सी उडी मारते,’ वगैरे. विकणाऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, पण जुने टेलिकॉमचे भाग विकणारी माणसं आपल्याकडे आहेत किती? ऐकणाऱ्यांपैकी दोघातिघांनी बरोबर ओळखलं आणि त्याच्याकडचा व्यवहार थांबवला, असं मला नंतर कळलं. शिवाय मी त्याच्याकडून निम्मे पैसे परत मागून घेतले होते. त्याने वाद न घालता दिलेही.

युनिट चांगलं होतं. चूक माझी होती. ती कशी कळली आणि त्यातून काय समजलं, यावर आजचा भाग.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. रुबिडियम फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड म्हणजे अणूच्या भरवशावर चालणारा १० मेगाहर्ट्झचा ठोका. साधा क्वार्ट्झ क्रिस्टल तापमानाने, वयाने इकडेतिकडे सरकतो. रुबिडियमचा अणू सहसा सरकत नाही, म्हणून क्रिस्टलला अणूच्या दावणीला बांधायचं. आपल्या नाविकच्या उपग्रहांतही रुबिडियमचीच घड्याळं आहेत. २९ मे २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये तर आपल्याकडे बनवलेलं रुबिडियम घड्याळ पहिल्यांदा गेलं. माझ्याकडचं मात्र मोबाइल टॉवरच्या यंत्रणेतून निवृत्त झालेलं, एलपीआरओ-१०१. जाडजूड पुस्तकाएवढा डबा, २४ व्होल्टवर चालतो, सुरुवातीला दीड-पावणेदोन अँपिअर ओढतो आणि गरम झाला की अर्ध्या अँपिअरवर येतो. आमच्या घरात याला ‘ती गरम डबी’ म्हणतात. आई थंडीत त्याच्यावर दह्याचं विरजण ठेवू का म्हणून विचारते, आणि तापमान बघता कल्पना वाईट नाही.

आता आकड्यांचा प्रश्न. या छंदात सगळं बोलणं दहाच्या उणे अकराव्या, उणे बाराव्या घातात चालतं. बोलताना जीभ अडकते. उणे अकरावा घात म्हणजे दहा हजार कोटींत एक. आजच्या भागापुरतं मी याला ‘एक गुंज’ म्हणणार आहे, सोनाराच्या तराजूतली गुंज. एक गुंज चूक म्हणजे किती? १० मेगाहर्ट्झची एक लाट १०० नॅनोसेकंदांची. दोन ठोके एक गुंजेने वेगळे असतील, तर एक दुसऱ्याच्या पुढे पुरती एक लाट सरकायला दहा हजार सेकंद लागतात. म्हणजे पावणेतीन तास. ऑसिलोस्कोपवर एका चॅनलला जीपीएसला बांधलेला ठोका द्यायचा, दुसऱ्याला रुबिडियम, आणि एक लाट दुसरीच्या मागून किती सावकाश घसरते ते बघत बसायचं. माझं मोजमाप एवढंच, फक्त बघत बसण्याचं काम एका पायथन स्क्रिप्टला दिलंय. ती दर मिनिटाला आकडा लिहिते.

तर दर रविवारी संध्याकाळी सात-साडेसातला माझं रुबिडियम वीस गुंजांनी उडायचं. वीस गुंजा म्हणजे साडेआठ मिनिटांत अख्खी लाट निसटते, डोळ्यांनी दिसतं. रात्री उशिरा परत जागेवर. सोमवार ते शनिवार शहाण्यासारखं.

रविवारी संध्याकाळी मी काय करतो? हा पॉडकास्ट रेकॉर्ड करतो. रेकॉर्डिंगला पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद. कुपवाडमध्ये एप्रिलात पंखा बंद केला की खोलीचं काय होतं ते सांगायला नको. मग माझा निष्कर्ष ठरलेला: खोली तापते, युनिट म्हातारं आहे, त्याला ताप सोसत नाही. चार ओळींचा कोड वाचून पुढच्या चारशे ओळी काय करत असतील ते ठरवणाऱ्या माणसाचा निष्कर्ष. एलपीआरओला एक पिन दिलेली आहे, तिच्यावरचा व्होल्टेज आतल्या दिव्याची तब्येत सांगतो. मी ती पिन मोजलीसुद्धा नव्हती. दिवा संपत आलाय असं थेट हजारेक लोकांना सांगून मोकळा झालो.

मग एका रविवारी घसा बसला होता म्हणून रेकॉर्डिंग केलं नाही, पण सवयीने खोली आवरून ठेवली. पंखा चालू, खिडकी उघडी, खोली थंड. उडी आली. वीस गुंजा, तशीच.

स्क्रिप्टने लिहिलेले आकडे मग मी नीट पाहिले. तेव्हा दुसरी गोष्ट दिसली, जी आधीच्या आठवड्यांतही होती. उडी एका मिनिटात आलेली होती. या मिनिटाला सरळ, पुढच्या मिनिटाला उतार बदललेला. तापमानाचा परिणाम असा येत नाही. अॅल्युमिनियमची जाड पाटी, तिच्यावर डबा, डब्यात भट्टीसारखी गरम ठेवलेली कुपी. खोली तापून त्याची झळ आत पोचायला अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि आलेख कमानीसारखा वळतो. इथे कमान नव्हती, पायरी होती. ज्यांना कधी असं काही शोधायची वेळ येईल त्यांनी ही खूण लक्षात ठेवा: ताप हळूहळू चढतो, चुंबक तत्काळ लागतो.

कारण खोली आवरताना मी आणखी एक काम करायचो. माइकला जागा व्हावी म्हणून टेबलावरचे दोन्ही स्पीकर उचलून कपाटाच्या फळीवर ठेवायचो. त्या फळीवर रुबिडियम होतं. डावा स्पीकर त्याच्यापासून वीतभरही लांब नव्हता. स्पीकरच्या पाठीत केवढं फेराइट चुंबक असतं ते लहानपणी जुने रेडिओ फोडलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

आता प्रश्न असा की अणूला चुंबकाचं काय पडलंय? आत काय चालतं ते सांगतो, मग कळेल.

डब्यात एक छोटा दिवा आहे, रुबिडियमच्या वाफेचा. त्याचा उजेड एका काचेच्या कुपीतून जातो, कुपीतही रुबिडियम-८७ ची वाफ. पलीकडे उजेड मोजणारा फोटोडायोड. त्या कुपीवर मायक्रोवेव्ह सोडतात, साधारण ६,८३४.६८ मेगाहर्ट्झची. फ्रिक्वेन्सी बरोब्बर जुळली की वाफ उजेड थोडा जास्त खाते आणि पलीकडे प्रकाश किंचित मंदावतो. फार किंचित. इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं कसब त्या मंद जागेला चिकटून राहण्यात आहे.

गंमत अशी की अणूची ती एक रेघ नसते. चुंबकीय क्षेत्रात ती अनेक रेघांत फुटते, कारण अणू स्वतःच एक बारीकसं चुंबक आहे आणि तो क्षेत्राच्या दिशेशी वेगवेगळे कोन धरून राहू शकतो. बाकीच्या रेघा चुंबकाने भराभर पळतात. मधली एक मात्र जवळजवळ जागची हलत नाही, घड्याळासाठी तीच वापरतात. पण ती निवडायची तर बाकीच्या तिच्यापासून दूर व्हायला हव्यात. म्हणून आत मुद्दाम एक बारीक कॉइल ठेवून थोडंसं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. त्याला सी-फील्ड म्हणतात. म्हणजे बघा, बाहेरच्या चुंबकापासून वाचवायला डब्यावर चिलखत, आणि चिलखताच्या आत स्वतःच लावलेलं मोजून मापून चुंबक. शून्य क्षेत्र ठेवून चालत नाही, कारण मग रेघा एकमेकींत मिसळतात.

‘जवळजवळ जागची हलत नाही’ यातला ‘जवळजवळ’ महाग पडतो. मधली रेघ क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात सरकते, एका गॉसला ५७५ हर्ट्झ. सी-फील्ड ०.२ गॉस धरा. वर्ग ०.०४, म्हणजे २३ हर्ट्झ सरकली. हे २३ हर्ट्झ कारखान्यात हिशोबात धरलेले असतात, त्यांचा त्रास नाही. उलट एलपीआरओमध्ये फ्रिक्वेन्सी बारीक जुळवायची सोय याच सी-फील्डमधून दिलेली आहे. त्रास होतो तो ०.२ चं ०.२०१ झालं की. वर्गामुळे, आधीच क्षेत्र असताना वरून आलेला कणभर बदलही आधीच्या क्षेत्राने गुणून मोठा होतो. समोर कागद असेल तर दोघांची बेरीज करून वर्ग काढून बघा, मधलं पद काय ते दिसेल. ते दुप्पट गुणाकाराचं पद सगळ्या दुखण्याचं मूळ आहे.

आता पृथ्वी. आपल्या सांगली भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ०.४ गॉस आहे आणि आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे ते बरंचसं आडवं, उत्तरेकडे. चिलखत नसलेला डबा उत्तर-दक्षिण ठेवला आणि मग उलटा फिरवला, तर आतलं क्षेत्र एकदा ०.६ आणि एकदा उणे ०.२. वर्गांतला फरक १८४ हर्ट्झचा, म्हणजे सत्तावीसशे गुंजा! नुसता डबा फिरवून. चिलखताने बाहेरचं क्षेत्र हजारपट कमी केलं तर तोच फरक पावणेतीन गुंजांवर येतो. मी स्पीकर हलवल्यावर हे करून पाहिलं. डबा टेबलावर चार दिशांना, प्रत्येक दिशेला अख्खी रात्र, आणि पाचव्या रात्री परत पहिल्या दिशेला, म्हणजे मधल्या काळात युनिट आपलं आपण सरकलं असेल तर तेही कळावं. एवढा वेळ का, तर जीपीएसचा ठोका स्वतःच थोडा डुलत असतो. तास-दोन तासांत एक गुंज खात्रीने दिसत नाही, आठ तासांत तिचे जवळपास २९० नॅनोसेकंद साचतात आणि डुलणं त्यापुढे लहान पडतं. फरक दीड गुंजेचा आला. म्हणजे ज्या युनिटला मी म्हातारं म्हणालो त्याचं चिलखत झकास होतं.

स्पीकरने मात्र त्या चिलखतालाही हार मानायला लावली. उत्पादक जो आकडा देतात, दर गॉसला काही गुंजा, तो एखाद-दोन गॉसच्या क्षेत्रापुरता असतो. स्पीकरच्या पाठीमागे दहा सेंटिमीटरवर त्याच्या कैक पट क्षेत्र असू शकतं. मी मग डावा स्पीकर हातात घेऊन अंतरं मोजली. दहा सेंटिमीटरवर वीस गुंजा. वीसवर तीनच्या आत. चाळीसवर काही दिसेना. चुंबकापासून दूर जाताना त्याचं क्षेत्र अंतराच्या घनाने पडतं, दुप्पट अंतराला आठवा हिस्सा, चौपटीला चौसष्टावा. वीस भागिले आठ अडीच, माझ्या मोजमापाशी पुरेसं जुळतं.

आणि हे बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपण उपाय उलट्या बाजूने शोधत होतो. मी तोवर म्यू-मेटलच्या पत्र्याचे भाव काढत होतो. स्पीकर हातभर बाजूला ठेवण्याचा भाव शून्य.

चुंबकाच्या त्रासापासून चक्क उठून लांब जाणं, हा उपाय आपल्याकडे एकशे वीस वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर करून झालाय. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा झाली. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं ते प्रसिद्ध वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत आडवं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेलेलं आहे. आजही जगभरचे अभ्यासक त्या वादळाचा आकार ठरवताना कुलाब्याची ती नोंद काढतात. का, तर विषुववृत्ताच्या जवळ, नीट टिकवलेली अशी नोंद विरळा.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेची ट्राम म्हणजे तारेतून येणारा डीसी प्रवाह, आणि परतीचा प्रवाह रुळांतून, थोडा जमिनीतून. ट्राम सुटली, थांबली की प्रवाह बदलणार आणि त्याबरोबर आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र. इतक्या वर्षांची अखंड नोंद ट्रामच्या वेळापत्रकाने बरबटली असती. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्यापुढे पर्याय काय होते? शहराला ट्राम नको म्हणता येत नाही. अख्ख्या वेधशाळेला चिलखत घालता येत नाही, कारण तिला तर बाहेरचंच क्षेत्र मोजायचंय. मग चुंबकीय विभाग उचलून मुंबईपासून साधारण तीस किलोमीटरवर अलिबागला नेला. तिथली इमारत पोरबंदरच्या दगडात बांधली, चुंबकीय नसलेला म्हणून तपासून घेतलेल्या, आणि बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही. खोलीच्या आत खोली अशी रचना, म्हणजे दिवसरात्रीच्या तापमानाचा फरक आतपर्यंत पोचू नये. ताप आणि चुंबक या माझ्या दोन्ही दुखण्यांचा विचार १९०४ साली झालेला होता.

पण मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं त्यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं चालू ठेवली. दोन ठिकाणांतला फरक पक्का कळला, म्हणजे जुनी मालिका तुटली नाही, नव्या जागेवर पुढे चालू राहिली. मगच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बंद केल्या. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला धावली. आम्ही सर्व्हर बदलताना जुना आणि नवा काही दिवस सोबत चालवतो, तसंच. फक्त आम्ही दोन आठवडे चालवतो आणि तिसऱ्या आठवड्यात मॅनेजर विचारतो की जुन्याचं बिल अजून का येतंय. मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी १९१० मध्ये ग्रंथरूपाने छापल्याही. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि चालू आहे.

एका श्रोत्याने विचारलं होतं, मे २०२४ च्या सौर वादळात, लडाखच्या आकाशात लाल उजेड दिसला तेव्हा, तुझ्या रुबिडियमला काही झालं का. तेव्हा युनिट माझ्याकडे नव्हतं, पण हिशोब करता येतो. ते वादळ साधारण ४०० नॅनोटेस्लाचं, म्हणजे चार मिलिगॉस. चिलखतातून हजारावा भाग आत. गुंजेचा सत्तरावा हिस्सा. माझ्याकडे ते दिसण्यासारखं काहीच नाही. आणि १८५९ चं, ते सोळा मिलिगॉस, तेही चिलखत नसतं तर चोपन्न गुंजा. टेबलावर डबा उलटा फिरवणं हा त्या वादळाच्या पन्नासपट मोठा धक्का आहे. सूर्याला घाबरायचं कारण नाही, स्वतःच्या हातांना घाबरा.

बरं, आता चिलखताबद्दल. स्पीकर हलवून प्रश्न मिटला होता तरी पैसे वाचलेत तर प्रयोग करू, असा मोह झालाच.

चिलखत चुंबकाला अडवतं असं आपण म्हणतो, पण ते अडवत नाही, वाट करून देतं. आमच्याकडे काळ्या रानात पाणी साचू नये म्हणून शेताच्या कडेने चर मारतात. चर पाणी थांबवत नाही, त्याला जायला सोपी जागा देतो, म्हणून ते पिकात शिरत नाही. म्यू-मेटल म्हणजे ऐंशीएक टक्के निकेल, बाकी लोखंड आणि थोडं मॉलिब्डेनम वगैरे. चुंबकीय रेषांना ते हवेपेक्षा हजारो पट सोपं वाटतं, म्हणून त्या पत्र्यातून वळसा घालून पलीकडे निघून जातात. आणि चराची मर्यादा तीच त्याची मर्यादा. पाणी चराच्या तोंडावर आलं की उरलेलं रानात घुसतं. म्यू-मेटल लवकर भरतं, साध्या लोखंडापेक्षा खूप लवकर. म्हणून जिथे दणकट क्षेत्र आहे तिथे बाहेरून लोखंडाचं कवच आणि आत, मध्ये फट सोडून, म्यू-मेटलचं. दोन पातळ कवचं फट ठेवून, ही एका जाड कवचापेक्षा बरी, कारण त्यांचे परिणाम गुणले जातात. अॅल्युमिनियम किंवा तांब्याचा डबा या कामाचा नाही. स्थिर क्षेत्र त्यातून आरपार जातं. मेन्सच्या ५० हर्ट्झलासुद्धा तांब्यात निम्म्याहून थोडं जास्त दबायला नऊ मिलिमीटर जाडी लागते.

जुन्या ऑसिलोस्कोपच्या नळीभोवती म्यू-मेटलची नळकांडी असायची. भंगारात एक मिळाली. नखाएवढा होकायंत्राचा सेन्सर आत घालून बघितला, आडवं क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाचं एकच्या आसपास. वा! मग ती कापून, उलगडून, एलपीआरओच्या मापाची पेटी करायला मी शेजारच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. काकांनी नळी उभी चिरली, ठोकून सपाट केली, चार घड्या मारल्या. काम बघण्यासारखं सुबक. घरी येऊन सेन्सर आत ठेवला. सात मायक्रोटेस्ला.

काकांचा दोष नाही, मी आधी वाचलं नव्हतं. म्यू-मेटल ठोकलं, वाकवलं, पडलं तरी त्याचा गुण जातो. आकार देऊन झाल्यावर ते हायड्रोजनच्या वातावरणात अकराशे अंशांच्या पुढे तापवून सावकाश थंड करावं लागतं, तेव्हा गुण परत येतो. काका म्हणाले, “एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवाले हायेत की, विचारून बघ.” गेलो. तिथला माणूस माझ्याकडे बघत राहिला. “हायड्रोजन? भट्टीत? आम्ही अमोनिया सोडतो, दादा. हायड्रोजन सोडला तर तुमचं घड्याळ राहील, आमचं शेड जाईल.” पत्र्याचं वजन विचारलं. अडीचशे ग्रॅम म्हटल्यावर चहा पाजून पाठवलं. ती पेटी आता पेनं ठेवायला वापरतो.

‘मग लोखंडी कपाटात ठेव की’, असं पप्पा म्हणाले आणि तुमच्यातलेही दोघं म्हणाले होते. करून पाहिलं. घरातलं लोखंडी कपाट स्वतःच थोडंफार चुंबक झालेलं असतं, वर्षानुवर्षं एकाच दिशेला उभं. सेन्सरने वरच्या खणात एक, खालच्या खणात दुसरंच दाखवलं, आणि दार उघडलं की आकडा बदलायचा. आमच्या कपाटाचं दार दिवसातून वीसदा उघडतं. स्थिर पण मोठं क्षेत्र परवडतं, कारण ते एकदा जुळवून घेता येतं. हलणारं क्षेत्र लहान असलं तरी नको.

एक गोष्ट राहिली. स्पीकर कायमचा हलवल्यावरही युनिट आधीच्या जागेवर पूर्ण आलं नव्हतं. तीन गुंजा अंगात राहिल्या होत्या. इतके रविवार चुंबकाजवळ काढून बाहेरचं चिलखतच थोडं चुंबक झालं असावं. यावर उपाय सांगलीतल्या एका जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे सापडला. रंगीत पिक्चर ट्यूबवर जांभळे-हिरवे डाग पडायचे तेव्हा ते एक मोठी गोल कॉइल फिरवायचे, आठवत असेल. ती माळ्यावर होती. युनिट बंद करून, गार होऊ देऊन, कॉइल चालू करून डब्याभोवती फिरवली आणि चालू असतानाच हळूहळू दोन मीटर लांब नेली, मग बंद केली. जवळ असताना बंद केली तर फायदा सोडा, नवीनच चुंबक बसतो. तीनाची एक गुंज झाली. आतल्या कवचापर्यंत कॉइलचा हात पोचत नसावा, म्हणून पूर्ण उतरलं नाही. उरलेली एक गुंज सी-फील्डच्या स्क्रूने जुळवून टाकली.

आता मांडणी अशी आहे. रुबिडियम लाकडी टेबलाच्या खालच्या फळीवर, स्पीकरपासून सव्वा मीटर. अॅल्युमिनियमच्या पाटीला पितळी स्क्रू. पॉवर सप्लाय दुसऱ्या टोकाला आणि त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून आणलेल्या, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहाची क्षेत्रं एकमेकांना मारतात. या तारा आधी मी खोलीभर ऐसपैस फिरवल्या होत्या. फळीच्या कडेला खडूने रेघ मारून लिहिलंय, ‘याच्या पुढे चुंबक नको’. आईने त्या रेघेच्या अलीकडे फोनचा चुंबकवाला स्टँड ठेवला होता, परवाच काढला. चार रविवार झाले, उडी नाही. दिव्याची पिनही शेवटी मोजली. दिवा ठणठणीत आहे.

विकणाऱ्याला मी फोन केला. सगळं सांगितलं, त्या जुन्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्ती जोडलीय तेही सांगितलं, आणि निम्मे पैसे परत पाठवतो म्हणालो. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “दर महिन्याला एक तरी फोन येतो बघा, युनिट खराब म्हणून. आता मी पहिला प्रश्न हाच विचारेन, शेजारी काय ठेवलंय.” पैसे त्याच रात्री पाठवले. ज्या दोघातिघांनी माझं ऐकून त्याच्याकडची ऑर्डर रद्द केली, त्यांनी मला मेल करा. तुमच्या वतीने मीच बोलतो त्याच्याशी.

पुढच्या भागात जीपीएसचा अँटेना आणि आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. भेटू.